उणे वगळून फिरवलेलं घर

दप्तरींनी त्या शुक्रवारी संध्याकाळी लेकीची गणिताची वही बघायला घेतली नसती, तर शनिवारी भर दुपारी स्वतःच्याच घरात चार बोटांच्या फटीतून डोकावण्याची पाळी त्यांच्यावर आली नसती. पण माणसाची वेळ भरली की वही आपोआप हातात येते.

दप्तरी हे त्यांचं आडनाव नव्हे. एका सरकारी कचेरीच्या दप्तरखान्यात ते बावीस वर्षं फायली सांभाळत होते, म्हणून आधी कचेरीत, मग इमारतीत आणि शेवटी खुद्द सासुरवाडीतही लोक त्यांना दप्तरी म्हणू लागले. (सासूबाई ‘आमचे दप्तरी’ म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि कीव किती, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.) दप्तरखान्यात प्रत्येक फायलीला दोन आकडे असतात, रॅक कितवा आणि कप्पा कितवा. हे दोन आकडे नीट लिहिलेले असले की जगातली कुठलीही वस्तू सापडते, आणि लिहिलेले नसले तर ती वस्तू नाहीच असं समजावं, अशी त्यांची श्रद्धा होती. घरी चष्मा सापडेना की ते बायकोला सांगत, याला जागा नेमून दिली नाही त्याचे हे परिणाम. चष्मा बहुतेक वेळा त्यांच्या कपाळावर असे.

आता त्यांच्या बाहेरच्या खोलीची हकिगत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. खोलीला चार कोपरे होते. त्यांतल्या तीन कोपऱ्यांत उजेड होता आणि चौथ्यात बायकोचं शिलाई मशीन होतं. मोठ्या खिडकीच्या कोपऱ्यात दप्तरींची आरामखुर्ची होती. रस्त्याकडच्या खिडकीपाशी जेवायचं टेबल होतं. गॅलरीच्या दारापाशी कपड्यांचं भलंमोठं लाकडी कपाट होतं, त्याने अर्धं दार झाकून टाकलं होतं. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून जो अंधारा कोपरा उरला, तिथे मशीन. घर घेतलं तेव्हा मोठी खिडकी दाखवून दप्तरी स्वतःच्या तोंडाने म्हणाले होते की ही जागा तुझ्या मशीनची. मग सामान लावताना खुर्ची तिथे तात्पुरती ठेवली. त्या तात्पुरत्याला आता नऊ वर्षं होत आली होती.

बायको अधूनमधून म्हणायची की इथे नीट दिसत नाही. त्यावर दप्तरींचं उत्तर ठरलेलं होतं. वर्तमानपत्रातून मान वर न काढता ते म्हणायचे, "डोळे तपासून घे." ती बिचारी तीनदा तपासूनही आली. तिन्ही वेळा डॉक्टरांनी सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत, उजेडात बसून काम करत जा. दप्तरींनी यावरून निष्कर्ष काढला तो असा, की डॉक्टर बदलायला हवा.

हे असंच चाललं असतं, पण त्या आठवड्यात कोट आले. बायको इतकी वर्षं एका शिंप्याच्या दुकानासाठी उशांचे अभ्रे आणि पडद्यांच्या किनारी शिवत होती. दुकानाच्या मास्तरांनी पहिल्यांदाच तिला कोटांचं काम देऊ केलं. वकिलांचे बारा कोट, काज करायचे आणि अस्तर लावायचं. या कामाची ती सहा वर्षं वाट बघत होती. नीट उतरलं तर पुढचे कोटही तिचेच, आणि एक जरी बिघडला तरी जन्मभर अभ्रे. त्यात कोट वकिलांचे, म्हणजे काळं कापड, त्यावर काळा दोरा आणि बसायचं काळोख्या कोपऱ्यात.

बायको चिडून बोलली की दप्तरींना हायसं वाटे, कारण ते दहा मिनिटांत ओसरायचं. ती शांतपणे बोलली की ते वर्तमानपत्र बाजूला ठेवत. गुरुवारी ती अगदी शांतपणे बोलली.

"सोमवारी कोट हातात घ्यायचेत," ती म्हणाली. "तोवर मशीन उजेडात आलं नाही, तर मी ते ताईकडे नेते. तिच्या गच्चीवरच्या खोलीत भरपूर उजेड आहे. सकाळी जात जाईन, संध्याकाळी येत जाईन."

ताईंकडे गेलेली वस्तू परत येत नसे. चार वर्षांपूर्वी नेलेली शिडी अजून तिथेच होती. पण दप्तरींना खरी धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कचेरीतून येताना पहिला जिना चढला की वरून मशीनची घरघर ऐकू यायची, आणि ती ऐकली की दिवसभराचा शीण उतरून आपलं घर आलं असं त्यांना वाटायचं. रोज संध्याकाळी मुकं घर स्वतःच्या किल्लीने उघडायचं, या कल्पनेने त्यांचा जीव खरोखर कासावीस झाला. (खुर्ची हलवायच्या कल्पनेनेही तो तितकाच कासावीस झाला, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.)

अशा पेचात शुक्रवार उजाडला आणि मावळला, आणि संध्याकाळी नववीतल्या लेकीने वही पुढे केली. चौकटीच्या कागदावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा होत्या. त्या जिथे छेदतात तो आरंभबिंदू. एका बाजूला त्रिकोण काढलेला होता. तो आरंभबिंदूभोवती नव्वद अंश फिरवला की पुढच्या भागात जायचा, आणखी नव्वद अंश फिरवला की त्याच्या पुढच्या, आणि चार फेऱ्यांत पुन्हा आपल्या जागी. त्रिकोणाचा आकार तोच, माप तेच, फक्त जागा नवी. दप्तरी ते चार त्रिकोण बघत राहिले. चार भाग. चार कोपरे.

त्यांच्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो मशीनवर पडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

अख्खी खोलीच पाव फेरा फिरवली तर? मशीन अंधारातून रस्त्याकडच्या खिडकीत जाईल. टेबल मोठ्या खिडकीत जाईल. आरामखुर्ची गॅलरीच्या दारात जाईल, म्हणजे उजेड तर आहेच, वर वाराही. आणि अंधाऱ्या कोपऱ्यात कोण, तर कपाट, ज्याला वाचायचंही नसतं आणि शिवायचंही नसतं. कोणाचं काही जात नव्हतं. खरं सांगायचं तर योजना उत्तम होती, आणि दप्तरींच्या बहुतेक योजना इथपर्यंत उत्तमच असत.

त्यांनी लेकीला सहज विचारल्यासारखं करून विचारलं की फिरवल्यावर नवी जागा कशी काढायची. ती वेणी घालत होती. तोंडात रबर धरून तिने सांगितलं की दोन आकड्यांची अदलाबदल करायची आणि मग जो पहिला झाला त्याला उणे चिन्ह लावायचं. पण आधी आरंभबिंदू नीट ठरवायचा, सगळं त्याच्यावर असतं, असंही ती म्हणाली. हे शेवटचं वाक्य दप्तरींनी ऐकलं, पण ऐकणं आणि दप्तरी दाखल करून घेणं यात त्यांच्या खात्यात फरक असतो.

शनिवारी त्यांना सुट्टी होती. सकाळी मायलेकी बेतलेले कोट आणायला दुकानात गेल्या. दुपारी येतील तेव्हा खोली फिरलेली असेल आणि मशीन उजेडात असेल, या आनंदात दप्तरींनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फरशा मोजायला घेतल्या. खोली चौरस निघाली. अकरा फरशा इकडून आणि अकरा तिकडून. मोजायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून कोण मोजतं? मोजणी कोपऱ्यातून करतात. सगळ्यात जवळचा कोपरा मशीनचा होता, म्हणून तिथून सुरुवात झाली. मशीनला पत्ता मिळाला एक-एक. टेबल अकरा-एक. कपाट एक-अकरा. समोरच्या कोपऱ्यातली त्यांची खुर्ची अकरा-अकरा. कपाट आणि खुर्ची यांच्या मधला सोफा सहा-अकरा. मग चपलांचं कपाट, छत्र्यांचा डबा, झाडाची कुंडी, उभा दिवा, सगळ्यांना पत्ते मिळाले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच घरातल्या प्रत्येक वस्तूला जागा नेमून दिली गेली होती आणि त्यांचा ऊर भरून आला.

मग त्यांनी लेकीच्या नियमाने नवे पत्ते काढले, आणि प्रत्येक पत्त्याच्या पुढे उणे आलं. उणे एक, उणे अकरा, उणे सहा. दप्तरींनी विचार केला. शून्य भिंतीला टेकलेलं, म्हणजे उणे एक भिंतीच्या पलीकडे. पलीकडे शेजारी राहतात. उणे अकरा म्हणजे तर थेट त्यांचं बाथरूम. आपलं कपाट शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये कसं ठेवणार, आणि ठेवलं तरी तिथून सदरे कसे काढणार? उघड होतं की ही उण्यांची भानगड वहीपुरती असते. वहीला भिंती नसतात. कपाळावर आठी न पाडता त्यांनी लाल पेन काढलं आणि एकूण एक उणे खोडून टाकलं. कचेरीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक खाडाखोडीशेजारी बारीक सही केली. एकोणीस उणी, एकोणीस सह्या.

आता कोणी म्हणेल की उणे खोडल्यावर नुसती आकड्यांची अदलाबदल उरली, आणि एक-एकची कितीही अदलाबदल केली तरी एक-एकच राहतं, हे या माणसाला दिसलं कसं नाही? पण आपण काय लिहितो ते वाचायचं नसतं, ही कारकुनी कामाची पहिली अट आहे. दप्तरींनी बावीस वर्षं ती पाळली होती. त्यांनी सुबक अक्षरात एकोणीस चिठ्ठ्या लिहिल्या, सही ठोकली आणि ज्या त्या वस्तूवर चिकटवल्या.

दहा वाजता दोन हमाल आले. मोठ्याला जाड मिशा होत्या आणि धाकटा त्याच्या होकाराशिवाय काही बोलत नसे. दप्तरींनी त्यांना फरशा कशा मोजायच्या ते समजावलं, प्रत्येक वस्तू चिठ्ठीवरच्या फरशीवर न्यायची आणि तिथे डावीकडे पाव फेरा द्यायचा हेही सांगितलं. आणि बजावलं की तोंडी कोणी काहीही सांगितलं तरी ऐकायचं नाही, सही असलेली चिठ्ठी असेल तरच वस्तू हलवायची. मिशीवाल्याने मान डोलावली. मग त्याने आपला नियम सांगितला. काम चालू असताना मालकाने खोलीत थांबायचं नाही. मालक आत असला की वस्तू पायावर पडते, बहुधा मालकाच्याच. दप्तरींना नियम पाळणारी माणसं फार आवडत. ते खुशीने बाहेर जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि मिशीवाल्याने दार लोटून घेतलं.

आतून घसटण्याचे, दबक्या आवाजात फरशा मोजण्याचे आणि ‘हं, जरा तुझ्याकडे’ असे आवाज येत राहिले. दप्तरी डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक घसटीबरोबर त्यांच्या मनात एकेक त्रिकोण पाव फेरा फिरत होता. बायको आत येईल, खिडकीतलं मशीन बघेल, काही बोलणार नाही पण रात्रीच्या जेवणात फरक दिसेल, असं चित्र त्यांनी रंगवलं. आणि शेवटी एक जड धप्प असा आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

काम आटोपलं असं समजून दप्तरींनी दार ढकललं. दार आत उघडणारं होतं. ते चार बोटं सरकलं आणि थांबलं. फटीतून त्यांना फक्त सोफ्याची पाठ दिसली.

सोफ्याचा जुना पत्ता सहा-अकरा होता. नवा पत्ता अकरा-सहा. आणि अकरा-सहावर, गेली नऊ वर्षं, घराचं दार होतं.

"सोफा मागे घ्या," दप्तरी फटीतून म्हणाले.

"चिठ्ठी द्या," आतून मिशीवाला म्हणाला.

दप्तरींनी त्याला पुष्कळ समजावलं की ही निकड आहे. मिशीवाला म्हणाला की तोंडी ऐकायचं नाही हे तुम्हीच सांगितलंय, आणि नंतर तुम्हीच म्हणाल की सोफा कोणाच्या सांगण्यावरून हलवला. हे दप्तरींना अगदी पटलं. ते खिशातून कागद काढतात तोच जिन्यावर पावलं वाजली. पुढे लेक होती, मागे बायको, दोघींच्या हातात काळ्या कापडाची बोचकी.

नवरा जिन्यात, दार अर्धवट आणि आत दोन परके पुरुष, हे बघून दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. दप्तरींच्या बायकोने बोचकं खाली ठेवलं आणि विचारलं की काय केलंत. दप्तरींनी सांगितलं. खोली कशी आरंभबिंदूभोवती फिरवली, मशीन कसं उजेडात आलं, हे सांगताना त्यांचा आवाज पुन्हा चढला आणि दार उघडत नाही ही बाब त्यांनी शेवटी एक किरकोळ अडचण म्हणून नमूद केली. बायकोचा चेहरा क्षणभर उजळला. मशीन उजेडात आलं एवढंच तिने ऐकलं होतं. ती पुढे झाली, सोफ्याच्या पाठीवरून टाचा उंचावून तिने आत पाहिलं.

"टेबल गॅलरीकडे गेलंय," ती म्हणाली. "कपाट रस्त्याकडच्या खिडकीत आलंय. चपला सोफ्याच्या जागेकडे गेल्यात."

"बघ," दप्तरी म्हणाले.

"मशीन आहे तिथेच आहे. फक्त त्याचं तोंड आता भिंतीकडे झालंय."

दप्तरींनी हातातला पत्त्यांचा तक्ता पुन्हा चाळला.

"आणि तुमची खुर्ची आहे तिथेच आहे," बायको अगदी शांतपणे म्हणाली. "ती मात्र खिडकीकडे तोंड करून छान बसलीय."

दप्तरींनी फटीला डोळा लावला. खरोखरच, सगळ्या घराची उलथापालथ झाली होती आणि एकोणीस वस्तूंपैकी नेमक्या दोन हलल्या नव्हत्या. एक बायकोचं मशीन आणि दुसरी त्यांची स्वतःची खुर्ची. मुद्दाम करायचं म्हटलं असतं तर इतकं चोख जमलं नसतं. जन्मात कधी त्यांचं काम इतकं बिनचूक वाटलं नव्हतं, आणि नेमकं हेच त्यांना करायचं नव्हतं.

एव्हाना लेकीने त्यांच्या हातातल्या तक्त्यात डोकावून पाहिलं होतं. तिने विचारलं की उणी कुठे गेली. दप्तरींनी सांगितलं की खोडली. का खोडली, तर घरात उणे काही नसतं. लेकीने कपाळाला हात लावला नाही, कारण तिचे हात बोचक्यात अडकले होते. तिने सांगितलं की उणे लावलं तर आकृती फिरते. उणे काढलं तर ती फिरत नाही, नुसती आरशात दिसल्यासारखी उलटते, आणि ज्यांचे दोन्ही आकडे सारखे त्या वस्तू तिळभर हलत नाहीत. एक-एक हलत नाही. अकरा-अकरा हलत नाही. आणि मुळात आरंभबिंदू कोपऱ्यात घ्यायचाच नव्हता, खोलीच्या मधोमध घ्यायचा होता. कोपऱ्यात घेतला की घर कोपऱ्याभोवती फिरतं आणि शेजारी जाऊन पडतं.

"म्हणजे शेजाऱ्यांचं बाथरूम बरोबर होतं," दप्तरी पुटपुटले.

बायकोने हे काहीच ऐकलं नव्हतं. तिने पिशवीतून एक किल्ली काढली होती. ताईंच्या गच्चीवरच्या खोलीची ती किल्ली होती, म्हणजे ती आधीच घेऊन ठेवलेली होती. हमाल आलेलेच आहेत तर मशीन आत्ताच खाली नेऊ देत, असं ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आपण नऊ वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती होणार नाही, हे कळल्यावर माणसाचा होतो तसा तो दमलेला आवाज होता. तो ऐकून दप्तरींना स्वतःची विलक्षण लाज वाटली. आरशाची, उण्याची, आरंभबिंदूची सगळी कारणं त्यांच्या जिभेवर होती. ती सगळी खरीही होती, पण त्यांच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"खुर्ची वाचवायलाच केलं मी हे," ते म्हणाले. "पण असं नव्हतं करायचं. तुझं मशीन खिडकीत आणि माझी खुर्ची गॅलरीत, असं ठरवलं होतं."

"आणि सरळ उचलून ठेवायची नाही, असं ठरवलं होतं," बायको म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

तेवढ्यात लेक म्हणाली की सगळं घर फिरवायची गरजच नाही. खोलीच्या मधोमध उभं राहिलं की मशीन आणि खुर्ची अगदी समोरासमोर आहेत. या दोघांनाच अर्धा फेरा द्यायचा. मशीन अकरा-अकरावर जाईल, खुर्ची एक-एकवर. यात उणं वगैरे काही उरत नाही.

म्हणजे गणितालाही शेवटी तेच म्हणायचं होतं जे बायको नऊ वर्षं म्हणत होती.

दप्तरींनी जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवला. पहिली चिठ्ठी लिहिली, सोफा, सहा-अकरा. दुसरी, मशीन, अकरा-अकरा. तिसरी लिहिताना ‘आरामखुर्ची’ हा शब्द झाला आणि पेन थांबलं. बायको बघत होती. मोठ्या खिडकीतलं सकाळचं ऊन, पायाखालचं स्टूल आणि पहिला चहा दप्तरींच्या डोळ्यांपुढून गेला. मग त्यांनी एक-एक लिहिलं, खाली पूर्ण सही केली, बारीक नव्हे, आणि तिन्ही चिठ्ठ्या फटीतून आत सरकवल्या. आत मिशीवाला अक्षर लावत होता.

"यावर खाडाखोड नाही ना?" त्याने विचारलं.

नाही, असं दप्तरींनी सांगितलं, आणि सोफा हलला.

पाच मिनिटांत काम झालं. नऊ वर्षांचं काम पाच मिनिटांत होतं ही गोष्ट दप्तरींना कचेरीत कोणाला सांगता येण्यासारखी नव्हती. बायकोने चपला काढल्या, मोठ्या खिडकीत आलेल्या मशीनपाशी ती गेली आणि बसली. बोचक्यातला एक कोट काढून तिने मांडीवर घेतला. काळ्या दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिल्याच खेपेला सुईत ओवलं. तिने सुईकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं, आणि पदराच्या टोकाने घाईघाईने डोळे पुसले. ताईंची किल्ली परत पिशवीत गेली. मशीनची घरघर सुरू झाली आणि दप्तरी दाराशी उभे राहून ती ऐकत राहिले. त्यांना अगदी मनापासून बरं वाटलं.

मिशीवाल्याने विचारलं की बाकीचं सामान पूर्वीच्या जागी लावायचं का. बायको म्हणाली की चपला तेवढ्या दाराशी आणा, बाकी राहू दे. टेबल गॅलरीपाशी गेल्यामुळे जेवताना वारा लागेल, आणि कपाटामुळे रस्त्याचा गोंगाट कमी झालाय. म्हणजे एकूण घर सुधारलं होतं. दप्तरींनी हे श्रेय घ्यायला तोंड उघडलं, पण बायकोने नुसतं वर पाहिलं आणि त्यांनी ते मिटलं.

ते वर्तमानपत्र घेऊन आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मशीनवरून गळून पडलेली एक-एकची जुनी चिठ्ठी उचलून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर चिकटवली, कारण पत्ता आता बरोबर होता. पेपर उघडला. मथळा दिसत होता. मथळ्याखालची ओळ आहे एवढं कळत होतं. त्याखाली राखाडी रंगाचा एक ठोकळा होता. त्यांनी पेपर लांब धरला, जवळ धरला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला आणि परत लावला.

"इथे नीट दिसत नाही गं," ते म्हणाले.

मशीन थांबलं नाही. बायकोने कोटावरून मानही वर काढली नाही.

"डोळे तपासून घ्या," ती म्हणाली.

आठवडाभर दप्तरींनी तग धरला. मग एका संध्याकाळी ते खरोखरच गेले. डॉक्टरांनी त्यांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावला, डोळ्यांत दिवा मारून पाहिला, आणि सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत, चष्म्याचा नंबरही तोच आहे, फक्त जरा उजेडात बसून वाचत जा. मग त्यांनी टेबलावरच्या कार्डावरचा पत्ता पाहिला, कपाटातून जुनी कार्डं काढून शेजारी लावली आणि चष्म्यावरून दप्तरींकडे पाहिलं.

"तुमच्या घरात," डॉक्टर म्हणाले, "हे मी चौथ्यांदा सांगतोय."